हाताने केलेले शुभेच्छापत्र : हत्यारे आणि सामान

कामगार संघटनेच्या कामात केस पिकलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून शुभेच्छापत्रांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. खुलासा थोडक्यात करतो. आमची बरीच वर्षे छापखान्यांतील व बाइंडिंगखात्यांतील कामगारांबरोबर गेली. शाळा लवकर सुटली. कागद, पाते, खळ आणि सरस यांबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे, ते या लोकांच्या टेबलापाशी उभे राहून ऐकलेले आणि मागाहून पुस्तकांत ताडून पाहिलेले आहे. गेल्या काही वर्षांत मात्र छापखान्यांबाहेरची माणसेही हाच विषय घेऊन आमच्याकडे येऊ लागली. कोणाला दिवाळीला आपल्या हातची कार्डे पाठवावयाची असतात, कोणाला शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावयाची असतात, आणि पुष्कळ बायकांना त्यातून चार पैसे मिळवावयाचे असतात. सर्वांचा पहिला प्रश्न एकच : काय काय विकत आणावे?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला विचारू नये. त्याच्याकडे नक्षीच्या कात्र्या असतात, फुलपाखरे पाडणारे पंच असतात, रबरी शिक्के, चमकी, मोती, लेस, आणि या सगळ्यांचा एकत्र केलेला रंगीत खोका असतो. तो खोका घेऊन घरी आलेल्या माणसाजवळ सरळ रेषेत कागद कापण्याचे साधन असेलच असे नाही. आम्ही असे खोके पाहिले आहेत. त्यांत चौदा प्रकारची सजावट होती आणि एक धड पट्टी नव्हती.

शुभेच्छापत्र म्हणजे काय? जाड कागदाचा एक तुकडा, त्याची एक घडी, आणि त्या घडीच्या आत दोन माणसांमधले काही शब्द. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा उगम १८४३ सालचा. लंडनचे हेन्री कोल या गृहस्थांनी नाताळसाठी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे मजुराच्या खिशाला न परवडणारी. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, छापलेल्या रेषांत रंग भरण्याचे काम तेव्हाही हातानेच झाले होते. आपल्याकडे दिवाळीची आणि संक्रांतीची भेटकार्डे टपालाने जात-येत, ते दिवस येथील पुष्कळांना आठवत असतील. पाकिटात चार दाणे हलव्याचेही असत, आणि पत्र पोहोचण्याआधी मुंग्या पोहोचत. आता शुभेच्छा मोबाइलवर येतात, एका माणसाला दिवसाकाठी शंभर येतात, आणि म्हणूनच हाताने केलेले एखादे कार्ड कोणी टाकून देत नाही.

तर मूळ कामे तीन : कापणे, घडी घालणे, चिकटवणे. ही तीन नीट करणारी हत्यारे आवश्यक, बाकीची हौसेची. पण हत्यारांच्याही आधी कागदाचे बोलले पाहिजे, कारण कागद चुकला तर चांगले हत्यार हाती असूनही काम बिघडते.

कागदाचा जाडपणा बाजारात वजनावर सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन जितके ग्रॅम, तितका तो 'जीएसएम'चा. वहीचा कागद साधारण ६० ते ७०चा, आणि शुभेच्छापत्राला २०० ते ३०० पर्यंतचा लागतो. दोनशेच्या खालचे कार्ड टेबलावर उभे राहत नाही, मान टाकते. तीनशेच्या वरचे हाताने घडीला आवरत नाही. येथे एक सोपा हिशेब सांगून ठेवतो. ए-४ मापाचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून २४० जीएसएमच्या ए-४ कागदाचे वजन १५ ग्रॅम, आणि त्याच्या अर्ध्याचे, म्हणजे एका कार्डाचे, साडेसात ग्रॅम. टपालाचा आकार वजनावर ठरतो, तेव्हा वर काय काय चिकटवावयाचे हे ठरवण्यापूर्वी हा हिशेब करावा. मापाचेही तसेच. ए-४ कागद मधोमध कापला की दोन ए-५ तुकडे होतात. ए-५ दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचे ए-६ कार्ड होते. आणि त्याला ११४ बाय १६२ मिलिमीटरचे सी-६ नावाचे तयार पाकीट बरोबर बसते. आधी कार्ड करून मग पाकीट शोधीत हिंडणारे लोक पुष्कळ आहेत. पाकिटाचे माप आधी ठरवावे, म्हणजे हा वनवास टळतो.

आता कागदाचा जो गुण दुकानात कोणी सांगत नाही, तो सांगतो. बाइंडिंगखात्यात त्याला 'ग्रेन' म्हणतात. लाकडाला जशी रेषा असते तशी यंत्रावरच्या कागदालाही असते. यंत्रात लगदा फिरत्या जाळीवर पडतो आणि जाळीच्या ओढीने त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला निजतात. कागद त्या दिशेने गुण्यागोविंदाने दुमडतो. आडव्या दिशेने दुमडला तर घडीवर चिरा पडतात, रंगीत कागदाचे पांढरे पोट दिसू लागते. हे यंत्र कसे जन्माला आले त्याची हकीकत आमच्यासारख्याला विशेष गमतीची वाटते. फ्रान्समधील एसोन येथील कागद कारखान्यात काम पाहणारे निकोला-लुई रोबेर यांनी १७९९ साली त्याचे पेटंट घेतले. हाताने कागद काढणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या भांडणांना कंटाळून त्यांना हे यंत्र सुचले, असे कागदाचा इतिहास लिहिणारे सांगतात. म्हणजे आपल्या कार्डाच्या घडीवर पडणाऱ्या चिरेचे मूळ, थोडे लांबून का होईना, एका कारखान्यातील तंट्यापर्यंत जाते.

ग्रेन ओळखण्याला पैसा लागत नाही. कागदाचा तुकडा दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहावा, घडी घालू नये. ज्या बाजूने तो सहज वाकेल, त्या वळणाच्या समांतर ग्रेन असतो. संशय राहिला तर एक लहानसा चौकोन कापून एका अंगाने ओला करावा. तो नळीसारखा वळू लागतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. फाडूनही कळते. ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. ग्रेन लांबीच्या दिशेला असलेला ए-४ कागद मधोमध कापून ए-५ केला आणि मग दुमडला, तर घडी आपोआप ग्रेनला समांतर येते. तोच अख्खा ए-४ न कापता दुमडला तर घडी ग्रेनच्या आडवी पडते. म्हणून त्याच गठ्ठ्यातली लहान कार्डे सुबक होतात आणि मोठी फुटतात. करणाऱ्याला मात्र वाटते की मोठे कार्ड आपल्याला साधत नाही.

हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. कारागीर साचा लगद्यातून वर काढताना तो दोन्ही दिशांना हालवतो, त्यामुळे तंतू सगळीकडे विखुरतात. आपल्याकडे हा धंदा जुना आहे. दौलताबादेजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही नावे कागदासाठी प्रसिद्ध होती, पुण्याच्या कसबा पेठेत अजून कागदीपुरा हे नाव आहे, आणि पुण्यातच शिवाजीनगरला १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. बनियनच्या कारखान्यांतील सुती चिंध्यांपासून होणारा तो कागद बळकट असतो आणि त्याची ओबडधोबड कड कापून टाकण्याचे कारण नाही. तीच त्याची शोभा. मात्र त्याच्यावर शाई फुटते की काय, हे आधी कोपऱ्यावर एक शब्द लिहून पाहावे. कागदाला खळ कमी असेल तर अक्षराला मिशा फुटतात.

कापण्याकडे वळू. येथे आमचा आग्रह दोनच गोष्टींचा : ताजे पाते आणि लोखंडी पट्टी. प्लॅस्टिकच्या पट्टीवर पाते चढते, पट्टीला खाच पडते, आणि ती खाच पुढल्या प्रत्येक रेषेत उमटते. शिवाय पाते घसरून बोटावर येण्याचा धोका वेगळा. पट्टी ३० सेंटिमीटरची, शक्य तर खाली रबर किंवा बूच लावलेली असावी. रबर नसेल तर मागे चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या लावाव्यात, पट्टी सरकत नाही. काटकोनासाठी सुताराचा लहान गुण्या मिळाला तर उत्तम. शाळेच्या कंपासपेटीतल्या त्रिकोणावरही भागते. कापताना जोर लावू नये. जाड कागद एका दमात कापावयास जाणारा माणूस कागद फाडतो. हलक्या हाताने तीन वेळा पाते ओढावे, तिसऱ्या वेळी तुकडा आपणच सुटतो. बोटे पट्टीच्या कडेपासून आत ठेवावीत.

पात्याचे टोक बोथट झाले की मोडून टाकता येते, असा जो कटर आता प्रत्येक कचेरीत दिसतो, त्याची कल्पना एका छापखान्यातील माणसाची आहे. जपानमध्ये ओसाका येथे कागद कापण्याचे काम करणारे योशिओ ओकादा यांनी १९५६ साली तो तयार केला. चांभार काचेच्या तुकड्याने कातडे कापतात आणि काच बोथट झाली की पुन्हा फोडून नवी धार घेतात, हे त्यांनी पाहिले होते. खाचा पाडलेल्या चॉकलेटच्या वडीची आठवण त्याला जोडली गेली, अशी हकीकत सांगतात. 'ओल्फा' हे नावही 'मोडायचे पाते' अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून आले. कार्डासाठी नऊ मिलिमीटर रुंदीचे पाते पुरते, पुठ्ठ्यासाठी अठरा मिलिमीटरचे घ्यावे. एवढी सोय हाताशी असून लोक पाते मोडण्यात कंजुषी करतात, हे आम्हाला कळत नाही. बोथट पात्याने बिघडलेला एक कागद पात्याच्या तुकड्यापेक्षा महाग असतो.

खाली काय ठेवावे? बाजारात हिरवी पीव्हीसीची चटई मिळते; तिच्यावर पडलेली रेघ पुन्हा मिटते, वर चौकटी छापलेल्या असतात. चांगली वस्तू आहे, परवडत असेल तर घ्यावी, उन्हात ठेवू नये, नाहीतर ती वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. परवडत नसेल तर जाड पुठ्ठा घ्यावा आणि त्याची एक बाजू खराब झाली की उलटावा. काचेवर कापू नये. काम स्वच्छ होते खरे, पण पाते पाच मिनिटांत मरते. कात्री एक लहान, टोकदार, फक्त कागदासाठी वेगळी ठेवलेली. कागदात चिनी माती आणि खडूची पूड मिसळलेली असते, ती धार खाते. शिवणाच्या कात्रीने कागद कापणाऱ्याला घरातली बाई ओरडते, ते शास्त्राला धरून आहे.

घडीचे हत्यार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. बाइंडर लोक हाडाची पट्टी वापरतात. बोटभर रुंद, एका टोकाला निमुळती, गुळगुळीत. तिच्या टोकाने पट्टीच्या आधाराने कागदावर एक चर दाबून काढावयाची, कापावयाची नाही, आणि मग दुमडून पट्टीच्या अंगाने घडी बसवावयाची. छापखान्यात याला 'क्रीज मारणे' म्हणतात. चर मारताना खाली चार वर्तमानपत्रांची बैठक असावी, म्हणजे मागल्या अंगाला बारीक उंचवटा येतो. दुमडताना उंचवटा आत आणि चर बाहेर राहावी. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण करून पाहिले की पटते. कारण घडीच्या बाहेरच्या अंगाला ताण बसतो आणि चरीमुळे तो सोसला जातो. हाडाची पट्टी नसेल तर शाई संपलेले बॉलपेन चरीसाठी आणि स्टीलच्या चमच्याची पाठ घडी बसवण्यासाठी चालते. चमच्याने गडद कागदावर चकाकी येते, म्हणून मध्ये साधा कागद ठेवावा. नखाने घडी घालू नये.

येथे एक हकीकत सांगणे भाग आहे. २०१४च्या दिवाळीपूर्वी एका वस्तीतील काही बायका एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून कार्डे करीत. तो कापलेले तुकडे, पणतीची छापील चित्रे आणि लेस आणून देई. यांनी घड्या घालावयाच्या, चिकटवावयाचे, पिशवीत भरावयाचे. मजुरी डझनावर. एके दिवशी त्याने गठ्ठेच्या गठ्ठे परत केले : घडीवर चिरा आहेत, तुमचा हात जड आहे, मजुरी नाही, उलट कागदाचे पैसे कापतो. बायका आमच्या कचेरीत आल्या. बाइंडिंगमधून निवृत्त झालेले एक काका तिथे बसलेले होते. त्यांनी एक तुकडा घेतला, चहाच्या बशीतल्या पाण्यात त्याची एक बाजू बुडवली आणि टेबलावर ठेवला. तुकडा घडीच्या आडवा वळला. म्हणजे कागदच आडवा कापलेला होता.

मग आम्ही हिशेब मांडला. उघडलेले कार्ड आठ इंच बाय साडेपाच इंच. कागदाचा ताव तेवीस बाय छत्तीस इंच, ग्रेन छत्तीस इंचांच्या बाजूने. घडी बरोबर यावी अशा रीतीने तुकडे पाडले, म्हणजे साडेपाच इंचांची बाजू तावाच्या लांबीला लावली, तर एका तावात बारा कार्डे बसतात. आठ इंचांची बाजू लांबीला लावली तर सोळा बसतात. तावामागे चार कार्डे वाचवण्यासाठी तुकडे आडवे पाडले गेले होते, आणि त्या बचतीचा तोटा बायकांच्या हातावर लिहिला जात होता. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यासमोर दोन बश्या मांडल्या. एकीत त्याचा तुकडा, दुसरीत बरोबर कापलेला. त्याने बराच वाद घातला. शेवटी परत केलेल्या कार्डांची मजुरी दिली. कापलेल्या कागदाच्या पैशांतले काही थोडे अखेरपर्यंत दिले नाहीत. पण त्या दिवसापासून माल घेताना बायका आधी तुकडा वाकवून पाहू लागल्या, आणि आडवा निघाला तर जागच्या जागी सांगू लागल्या की चिरा पडतील, जबाबदारी तुमची.

चिकटवण्याच्या सामानात घरची खळ अजून पहिली. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक दिसू लागली की उतरावी. बाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे. ज्या घरात मुले आहेत तेथे मोरचुदाची खळ करू नये, दोन-तीन दिवसांपुरती ताजी करावी. खळीचा दोष असा की तिच्यात पाणी फार, आणि पाण्याने कागद ताणतो. पातळ कागदावर चित्र डकवताना सुरकुती येते ती याच कारणाने. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदात पाणी कमी असते. फेविकॉल १९५९ साली निघाला तो सुतारांसाठी; कार्डाला तो थेंबभर पुरे होतो. लोक बोटाने थापतात ते बरे नव्हे. जुन्या ब्रशने किंवा पुठ्ठ्याच्या कपच्याने पातळ पसरावा, मधून कडेकडे, आणि चिकटवल्यावर दोन जाड पुस्तकांखाली तासभर ठेवावा. घाई असेल तेथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरावी, ती महाग पडते पण कागद ओला होत नाही. रबराचे सोल्युशन मात्र घरात नको. त्याचा वास डोक्यात जातो आणि काही वर्षांनी कागद पिवळा पडतो. बंद खोलीत दिवसभर ते वापरणाऱ्या माणसांचे खोकले आम्ही ऐकले आहेत.

रंगांबद्दल फार बोलत नाही. ज्याच्या हातात चित्र आहे त्याला आमच्या सल्ल्याची गरज नाही. ज्याच्या हातात नाही, त्याने अर्धा बटाटा कोरून ठसा करावा, किंवा कापडछपाईचा लाकडी ठसा आणावा. स्टॅम्पपॅड एक, गडद रंगाचे. ठशाखाली मऊ बैठक असली की छाप भरून उठते. लिहिण्यासाठी पाण्याने न फुटणारी शाई. चमकी आम्हाला आवडत नाही. बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकची भुकटीच. ती धुतल्याने नाहीशी होत नाही, गटारातून नदीत जाते. युरोपीय संघाने २०२३ साली सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. ज्या बायका हाताने ती भुरभुरतात त्यांच्या मुलांच्या ताटातही ती सापडते.

एक साधन राहिले : साचा. पंचवीस पाकिटे करावयाची असोत की पन्नास कार्डांवर एकाच जागी चित्र बसवावयाचे असो, जाड पुठ्ठ्याचा एक साचा नेमका कापून घ्यावा आणि मोजमाप एकदाच करावे. प्रत्येक कार्ड पुन्हा पुन्हा मोजणाऱ्याचा वेळ जातो आणि कार्डेही सारखी येत नाहीत.

साच्यावरून एस्थर हाउलंड या बाईंची आठवण होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर गावच्या या बाई १८४७ साली पदवी घेऊन घरी आल्या. वडिलांचे कागदसामानाचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले लेस लावलेले एक शुभेच्छापत्र पाहून त्यांना वाटले, असे आपल्यालाही करता येईल. त्यांनी कागदाची जाळी आणि चित्रे मागवली, घराच्या एका खोलीत लांब टेबल मांडले, आणि मैत्रिणींना कामे वाटून दिली : एकीने चित्रे कापावयाची, दुसरीने पाया तयार करावयाचा, तिसरीने चिकटवावयाचे. ज्यांना त्या घरी येता येत नसे, त्यांच्याकडे एका नमुन्याच्या डझनभर कार्डांना लागणारे सर्व सामान नमुन्यासह एका पेटीत भरून जाई, आणि झालेले काम काही दिवसांनी गोळा होई. १८८१च्या सुमारास त्यांनी धंदा विकला तेव्हा तो चांगला भरभराटीला आलेला होता. कारखान्यातल्या कामाची वाटणी आणि घरबसल्या कामाची पेटी, दोन्ही एकाच शुभेच्छापत्राच्या धंद्यात एवढ्या लवकर दिसतात, म्हणून ही हकीकत आम्ही आवर्जून सांगतो.

कारण घरी काम आणणाऱ्याने पेटी उघडून पाहिली पाहिजे. तिच्यात कागद आहे, चित्र आहे. पण पाते कोणाचे? गोंद कोणाचा? दिवा, टेबल आणि पंखा कोणाचा? विडीच्या धंद्यात हाच वाद पिढ्यानपिढ्या चालला : पानाची तूट कोणाच्या खाती, धागा कोणाचा, नापास विड्या कोण ठरवणार. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून ओळखले, आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरकामगारांसाठी वेगळा ठराव, क्रमांक १७७चा, १९९६ साली केला. कार्डे करणारी बाई त्याच जातीची कामगार आहे. फक्त तिच्या कामाला लोक छंद म्हणतात, आणि छंदाला मजुरी मागताना तिला संकोच वाटतो.

म्हणून हत्यारांमध्ये आम्ही एक घड्याळ आणि एक वही धरतो. समजा, कार्डाला मजुरी दहा रुपये सांगितली. एक कार्ड करावयास बारा मिनिटे लागली तर तासाला पाच, म्हणजे पन्नास रुपये. ऐकायला बरे वाटते. आता वहीत खरे लिहावे : सामान आणावयास गेलेला वेळ, तुकडे कापणे, खळ करणे, वाळण्याची वाट पाहणे, पाकिटात भरणे, माल पोचवणे. बाराचे अठरा होतात आणि पन्नासाचे तेहतीस. त्यातून पात्याचे, गोंदाचे, विजेचे वजा करावे. उरलेला आकडा कोणाला दाखवावा, हे त्या बाईने ठरवावे, पण आकडा तिच्याजवळ असला पाहिजे. स्वतः विकणाऱ्यांनीही हेच करावे. जत्रेत किंवा प्रदर्शनात कार्ड मांडून कागदाच्या किंमतीत दोन रुपये मिळवून भाव सांगणारे आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांनी आपला वेळ फुकट दिलेला असतो, आणि शेजारच्या मेजावर त्याच कामावर पोट भरणाऱ्या बाईचा भावही पाडलेला असतो.

ज्यांना फक्त घरच्यासाठी करावयाची आहेत, त्यांनी या हिशेबाची काळजी करू नये. त्यांनी पहिल्या दिवशी एवढेच आणावे : दोनशे चाळीसच्या आसपासचे दहा-बारा कागद, नऊ मिलिमीटरचा कटर आणि जादा पात्यांची एक डबी, लोखंडी पट्टी, थोडा पांढरा गोंद. पुठ्ठा, रिकामे बॉलपेन आणि चमचा घरात असतो. या सामानात वीस-चोवीस कार्डे निघू शकतात, आणि तेवढी झाल्यावर पुढे काय हवे ते हातच सांगतो. कोणाला ठसे हवेसे वाटतात, कोणाला रंग, आणि कोणी फक्त चांगला कागद शोधीत हातकागदाच्या दुकानापर्यंत जातो.

एक शेवटची वस्तू विकत घ्यावी लागत नाही, पण टेबलावर असलीच पाहिजे : झाकणाचा एक रिकामा डबा, लोखंडी असल्यास उत्तम. पात्याचे मोडलेले तुकडे त्यात टाकावेत. ते केराच्या टोपलीत गेले तर सकाळी कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या किंवा भंगार वेचणाऱ्या पोराच्या बोटात शिरतात, आणि मोजे त्यांना कोणी दिलेले नसतात. डबा भरला की झाकणाला भोवती चिकटपट्टी लावावी, वर मोठ्या अक्षरांत 'पाती' असे लिहावे, आणि कचऱ्यात न टाकता तो त्यांच्या हातात सांगून द्यावा.